फरच्या कातड्यांना हमीभाव: कॅनडात ट्रॅपरांना सरकारी पैसा नेमका कशावर मिळतो?

ताजवा (धागाकर्ता)

हमीभावाच्या वेगवेगळ्या तऱ्हांवर एक टिपण करायचं चाललं आहे. त्यात एक आडवाटेचं उदाहरण हाती लागलं. कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये सापळे लावून फरची जनावरं धरणाऱ्यांना (ट्रॅपरांना) सरकार लिलावाच्या आधीच कातड्यामागे उचल देतं. वाचताना आपली कापूस एकाधिकार खरेदी आठवली. पण जिथे पाहावं तिथे 'अनुदान' हा एकच शब्द, आणि त्यात उचल, बोनस, हंगामाचा खर्च सगळं एका पोत्यात कोंबलेलं.

जाणकारांकडून हवं आहे ते असं. उचलीपेक्षा लिलावात कमी भाव आला तर फरक कोण सोसतं? कातडं खराब निघालं तर? हंगाम सुरू व्हायच्या आधी हातात काही पडतं का? आणि याहून निराळ्या पद्धतीने पैसे देणारी सरकारं आहेत का?

(फर वापरावी की नाही, हा वाद मोठा आहे आणि तो व्हायलाही हवा, पण त्याला वेगळा धागा काढू. इथे फक्त हिशेब.)

---

उत्तरवारा

योजनेचं नाव 'जेन्युइन मॅकेंझी व्हॅली फर्स'. तिचे तीन तुकडे आहेत आणि ते वेगवेगळे ठेवले नाहीत तर तुमच्या टिपणाचा घोळ होणार.

पहिला तुकडा हमी उचल. प्रत्येक जातीच्या कातड्याला सरकार हंगामासाठी एक रक्कम ठरवतं. मार्टेनला (मुंगसाएवढा, झाडांवर वावरणारा शिकारी प्राणी) एक, बीव्हरला (पाण्यात बांध घालणारा मोठा कुरतडणारा प्राणी) दुसरी, लिंक्सला (उत्तरेकडचं मोठं रानमांजर) तिसरी. ट्रॅपर कातडी खरवडून, ताणून, वाळवून गावातल्या वन्यजीव अधिकाऱ्याच्या कचेरीत नेतो. अधिकारी मोजतो, प्रत पाहतो, नोंद करून उचल देतो आणि माल ओंटारिओतल्या नॉर्थ बे इथल्या 'फर हार्वेस्टर्स ऑक्शन' या लिलावगृहाकडे पाठवतो. गाव हजारो किलोमीटर दूर, काही ठिकाणी तर बर्फाचा रस्ता हिवाळ्यापुरताच. त्यामुळे पाठवणीची जबाबदारी अंगावरून जाणं हीसुद्धा मदतच आहे, फक्त ती कुणी आकड्यात धरत नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. समजा (आकडा केवळ हिशेबासाठी) एका मार्टेनवर ५० डॉलर उचल मिळाली. लिलावात ते ७० ला गेलं तर वरचे २० ट्रॅपरचे. ३० ला गेलं तर तूट सरकारची, ट्रॅपरकडून एक पैसाही परत मागत नाहीत. म्हणजे हे कर्ज नाही. खालून जमीन आहे, वर छत नाही.

दुसरा तुकडा प्राइम फर बोनस. लिलावात उचलीच्या वर गेलेल्या कातड्यांवर हंगामाच्या शेवटी वेगळी रक्कम मिळते. योजनेतली खरी अक्कल इथे आहे. नुसती हमी असती तर कसंही खरवडलेलं कातडं आणून टाकलं तरी उचल पक्की, मग मेहनत कोण घेणार? बोनसमुळे चांगल्या कातड्याला तीनदा पैसे मिळतात: उचल, वरचा फरक आणि बोनस.

तिसरा ग्रबस्टेक. हा शब्द मुळात सोनं शोधायला निघणाऱ्याला दिलेल्या शिध्याचा. गेल्या हंगामात किती कातडी आणली त्या हिशेबाने नव्या हंगामाच्या तोंडावर रोख रक्कम मिळते, किमान संख्येची अट असते. ती पेट्रोल, सापळे, स्नोमोबाइलचा पट्टा, शिधा यांत जाते. गेल्या वर्षी आजारपणात हंगाम बुडाला असेल तर यंदा ग्रबस्टेकही आटतो. ज्याला गरज जास्त त्याला कमी, हे या तुकड्याचं दुखणं. गावच्या शिकारी-ट्रॅपर समित्यांना दिला जाणारा सामूहिक निधी वेगळा असतो. अडचणीतल्याला हात द्यायचा तर तो तिथून.

कापसाशी तुलना करणार असाल तर एक फरक आधीच नोंदवा. एकाधिकार योजनेत (१९७१चा कायदा, १९७२पासून खरेदी) शासनाची यंत्रणा माल विकत घेत होती आणि दुसऱ्या कुणाला विकायची मुभा नव्हती. इथे कातडं शेवटपर्यंत ट्रॅपरचंच राहतं, त्याच्यावर त्याच्या नावाची बारकोडची चिठ्ठी असते. त्याला वाटलं तर तो योजनेबाहेर जाऊन थेट विकू शकतो. एकाधिकार अजिबात नाही.

---

खरवडणी

उत्तरवारा यांनी सांगाडा नीट सांगितला. पण पैसे जातात कुठे हे समजून घ्यायचं तर कातड्याजवळ यावं लागेल. उचल सरकारी टेबलावर ठरते. बोनस मात्र चाकूच्या धारेवर आणि वाळवायच्या खोलीत ठरतो.

लिलावगृहात कातडं आलं की आकार, रंग, केसांची दाटी आणि इजा पाहून प्रत लागते. मग एकसारख्या प्रतीची, वेगवेगळ्या ट्रॅपरांची कातडी एका ढिगात बांधतात आणि ढिगाला बोली लागते. म्हणजे भाव 'माझ्या कातड्याला' मिळत नाही, ते ज्या ढिगात बसलं त्या ढिगाला मिळतो. एका भोकाने कातडं खालच्या ढिगात गेलं की संपलं.

नेहमी होणाऱ्या चुका:

चरबी राहणे. बीव्हर, ऑटर, रकून यांच्या कातड्याला चरबी जाड. ती ठेवून वाळवलं की चरबीचा ऑक्सिजनशी संयोग होऊन कातडं आतून भाजल्यासारखं होतं. दिसायला ठीकठाक असतं, पण कमावणाऱ्याच्या पिंपात पडलं की कागदासारखं फाटतं. खरेदीदाराला हे ठाऊक असतं, म्हणून पिवळट, तेलकट कातडं हातात घेतल्याबरोबर खाली ढकललं जातं.

जास्त खरवडणे. उलटी चूक. मार्टेनचं कातडं पातळ असतं. चाकू खोल गेला की केसांची मुळं कापली जातात आणि कातडं कमावल्यावर पुढून केस गळायला लागतात. मार्टेनवर मांसाचे सुटे तुकडे आणि चरबी काढली की थांबायचं, घासत बसायचं नाही.

शेगडीजवळ वाळवणे. घाई नडते. थंड, हवेशीर खोली हवी, साधारण १० ते १८ अंश सेल्सिअस. लाकडी केबिनमध्ये शेगडीच्या वर टांगलेलं कातडं दोन दिवसांत कडक होतं खरं, पण त्याची कड कुरकुरीत होऊन तुटते.

मेलेलं जनावर उबेत राहणे. पोटाकडचे केस चिमटीत निघून येतात. सडायला सुरुवात झाल्याची ती खूण. बीव्हरचं शरीर मोठं, चरबीचं पांघरूण जाड, आतली उष्णता निघता निघत नाही. म्हणून त्याला लवकर सोलावं लागतं.

चुकीचा घाट. बीव्हर पोटावर चिरून उघडा, लंबगोल, फळीवर खिळ्यांनी ताणतात आणि लांबी अधिक रुंदी अशी इंचांत मोजून आकाराचा वर्ग ठरतो. लांबट ओढून ताणलं तर रुंदी जाते, केस विरळ दिसतात, इंच मात्र वाढत नाहीत. मार्टेन, लिंक्स, कोल्हा मोज्यासारखे सोलतात. आधी कातड्याची बाजू बाहेर ठेवून फळीवर चढवतात आणि अर्धवट वाळल्यावर उलटून केस बाहेर काढतात. मस्करॅट (दलदलीतला मोठा उंदीर), मिंक (मार्टेनच्याच कुळातला पाण्याकाठचा प्राणी), ऑटर (पाणमांजर) मात्र कातड्याची बाजू बाहेर ठेवूनच वाळवतात. मार्टेन उलटायला उशीर झाला तर नाकाजवळ चिरतो. फार लवकर उलटला तर आत ओल राहून बुरशी.

या सगळ्यांच्या वर अजून एक, ज्याला चाकू काही करू शकत नाही: हंगाम. केस पूर्ण वाढले की मुळातला रंगद्रव्याचा साठा संपतो आणि कातड्याची आतली बाजू दुधाळ, फिकट दिसते. त्याला प्राइम म्हणतात. लवकर धरलेल्या जनावराची आतली बाजू निळसर-काळी असते. मार्टेन हिवाळ्याच्या सुरुवातीला उत्तम, फेब्रुवारीनंतर त्याचे लांब केस झिजतात. मस्करॅट मात्र वसंतात उत्तम. सगळ्यांना एकच तारीख लावणारा ट्रॅपर अर्धा माल पाडून घेतो.

---

ताजवा

खरवडणी, हे अफाट आहे. म्हणजे प्राइम बोनस हा एका अर्थी वेळेवर सापळे लावण्याचा बोनस.

---

खरवडणी

आणि सापळ्यातलं जनावर वेळेवर उचलण्याचाही. धागाकर्त्याने टिपणात हे वाक्य घातलं तर चालेल, हक्क राखून नाही ठेवले 🙂

---

पैसाअडका

तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे कुणी गेलंच नाही. पैसे कातड्याला बांधले की माणूस कातड्यामागे धावतो. ते दिवसाला बांधले तर? क्वेबेकमध्ये हा प्रयोग १९७६पासून चालू आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. जेम्स बे भागात क्वेबेक सरकारने ला ग्रांद नदीवर प्रचंड जलविद्युत प्रकल्प काढला. तिथल्या क्री या मूळनिवासी लोकांच्या शिकारीच्या जमिनी पाण्याखाली जाणार होत्या. कोर्टकचेऱ्या झाल्यावर ११ नोव्हेंबर १९७५ला जेम्स बे आणि नॉर्दर्न क्वेबेक करार झाला. त्याच्या ३०व्या प्रकरणात क्री शिकारी आणि ट्रॅपर यांच्यासाठी उत्पन्न-सुरक्षा योजना आहे. लक्षात घ्या, हे सरकारने उदार होऊन दिलेलं अनुदान नाही. वाटाघाटीतून घेतलेला, करारात लिहिलेला हक्क आहे. त्यामुळे एखाद्या वर्षी अर्थसंकल्प आवळला म्हणून तो कापता येत नाही. योजना चालवणाऱ्या मंडळावर सहा सदस्य, तीन क्री बाजूचे आणि तीन क्वेबेक सरकारचे.

गाभा असा: वर्षात किमान १२० दिवस रानात शिकार, सापळे, मासेमारी आणि त्याला लागणाऱ्या कामांत घालवायचे आणि नोकरीतला वेळ त्यापेक्षा कमी असायचा. पात्र कुटुंबातल्या प्रौढाला रानातल्या प्रत्येक दिवसाचे पैसे मिळतात, वर्षाला कमाल २४० दिवस. करारात हा दर दिवसाला १० डॉलर होता आणि तो महागाईला जोडलेला आहे, त्यामुळे दरवर्षी हलतो. शिवाय कुटुंबाच्या आकाराप्रमाणे एक मूळ रक्कम असते आणि इतर उत्पन्नाच्या ४० टक्के भाग तिच्यातून वजा होतो. वर्ष १ जुलै ते ३० जून, म्हणजे हिवाळा मधोमध फाटत नाही. ही साधी गोष्ट आहे, पण कॅलेंडर वर्ष धरलं असतं तर एकच हंगाम दोन अर्जांत विभागला गेला असता.

यात फर किती विकली हे विचारतच नाहीत. मूस (मोठं हरीण) मारून खाल्ला, बीव्हरचं मांस वाटलं, जाळी टाकली, सगळे दिवस धरले जातात. फरचा बाजार कोसळला तरी रानात जाणं परवडतं. आणि ढिगाने जनावरं मारायची ओढ नसते, कारण दहावं बीव्हर मारून दिवसाचा भाव वाढत नाही. शिवाय क्री ट्रॅपलाइनचा (सापळे लावायच्या ठरलेल्या टापूचा) एक मुखत्यार असतो, इंग्रजी कागदांत त्याला टॅलीमन म्हणतात. कोणता भाग यंदा सोडायचा, कुठे किती बीव्हर काढायचे हे तो ठरवतो.

कुठे बिनसतं? दिवसांच्या नोंदीवर. १२०ला थोडे कमी पडले की पात्रता जाते, म्हणून आजारपण, अपघात अशा कारणांसाठी वेगळी तरतूद ठेवावी लागली. दुसरं, मोसमी बांधकामाची नोकरी धरली की दिवसांचं गणित उलटू शकतं. तरुणांची ओढाताण इथेच होते.

तिसरी तऱ्हा पार दक्षिणेला, लुइझियानात. तिथे पैसे शेपटीला बांधले आहेत!

---

रानवाटा

शेपटी??

---

पैसाअडका

हो. न्यूट्रिया हा दक्षिण अमेरिकेतला मोठा पाणउंदीर, १९३०च्या दशकात फरसाठी आणला, सुटला आणि किनाऱ्याची दलदल मुळासकट खाऊ लागला. फरला भाव होता तोवर ट्रॅपरच त्याला आवरत होते. १९८०च्या दशकाच्या शेवटी बाजार पडला, ट्रॅपर थांबले, दलदल उघडी पडायला लागली. मग २००२–०३च्या हंगामापासून प्रत्येक शेपटीला ४ डॉलर, पुढे ५, २०१९पासून ६. वर्षाला ४ लाखांपर्यंत जनावरं काढायचं लक्ष्य.

इथे कातड्याची प्रत कुणी पाहत नाही. अटी अशा: आधी नोंदणी, ट्रॅपिंगचा परवाना, जमीनमालकाची लेखी संमती आणि जमिनीचा नकाशा. शेपटी ७ इंचांपेक्षा आखूड असेल तर मोजत नाहीत. ती ताजी, गोठवलेली किंवा मिठात राखलेली चालते, कुजलेली नाही. कुठे मारलं ते नकाशावर दाखवावं लागतं, कारण सरकारला मुळात हाच नकाशा हवा आहे. दलदल कुठे खाल्ली जाते आहे ते त्यावरून कळतं.

म्हणजे पाहा: कातड्याला पैसे दिले तर प्रत सुधारते. दिवसाला दिले तर रानातलं जगणं टिकतं. शेपटीला दिले तर संख्या घटते. टिपणात योजनांची वर्गवारी रकमेवर करू नका, ती या बांधणीवर करा. नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्येही बाथर्स्ट आणि ब्लूनोज-ईस्ट या कॅरिबूंच्या (उत्तरेकडच्या रानटी हरणांच्या) कळपांच्या हिवाळी भागात लांडग्यांसाठी वेगळी जादा रक्कम ठेवली गेली. ते फरचं अनुदान दिसतं, पण कुळी शेपटीची.

---

ताजवा

हे सोन्यासारखं आहे, धन्यवाद. एक शंका राहते. भावाची हमी आहे, बोनस आहे, ग्रबस्टेक आहे, तरी उत्तरेकडच्या ट्रॅपरांचं उत्पन्न एवढं वरखाली का होतं?

---

उत्तरवारा

कारण हमी भावाची आहे, जनावराची नाही. लिंक्स जवळजवळ पूर्णपणे स्नोशू सशावर जगतो. ससे साधारण दहा वर्षांच्या चक्रात वाढतात आणि कोसळतात, लिंक्स त्यांच्या मागोमाग. चक्राच्या तळाला लिंक्सची उचल कितीही ठेवा, शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच. जाणता ट्रॅपर त्या वर्षांत मार्टेनवर भर देतो. त्यासाठी मार्टेनच्या सापळ्यांचे खोके आधीपासून ट्रॅपलाइनवर ठोकलेले असावे लागतात, ऐनवेळी होत नाही.

दुसरं कारण खर्च. शंभर-दीडशे किलोमीटरची लाइन स्नोमोबाइलने फिरायची म्हणजे उचलीतला मोठा हिस्सा पेट्रोलमध्ये जातो. दूरच्या गावांत पेट्रोल बार्जने (सपाट मालवाहू बोटीने) किंवा बर्फाच्या रस्त्याने येतं, शहरापेक्षा कितीतरी महाग. उचलीचे दर वाढवायला वेळ लागतो, पेट्रोल रातोरात वाढतं.

तिसरं, लिलावाचा बाजार फार थोड्या खरेदीदारांवर उभा आहे: चीन, रशिया, कोरिया, इटली, ग्रीस. टोरांटोचं नाफा हे लिलावगृह, ज्याची परंपरा हडसन्स बे कंपनीपर्यंत सांगितली जायची, ३१ ऑक्टोबर २०१९ला धनकोंपासून संरक्षण मागायला कोर्टात गेलं. ज्यांचा माल तिथे विकला गेला होता त्यांचे पैसे अडकले. पुढच्याच वर्षी कोविडने खरेदीदारांचा प्रवास थांबला. त्यानंतर २०२१मध्ये पार्काच्या (थंडीच्या जाड कोटाच्या) टोपीला कोयोटीच्या (लांडग्याच्या कुळातला छोटा प्राणी) फरची किनार लावणाऱ्या एका नामांकित कॅनडियन कंपनीने फर सोडायचं जाहीर केलं आणि प्रेअरीतल्या (कॅनडाच्या गवताळ मैदानांतल्या) कोयोटीची मागणी घसरली. अशा वर्षांत हमी उचलीची खरी किंमत कळते. हमी नसलेल्या प्रांतातला ट्रॅपर माल गोदामात ठेवून वाट बघतो. हमी असलेल्याला निदान तळाची रक्कम आधीच मिळालेली असते.

---

सापळामास्तर

एक बाजू राहिली. सरकारी पैशाचा एक प्रवाह सापळ्यांकडेही जातो, आणि त्यामागे युरोप आहे.

युरोपीय समुदायाने १९९१मध्ये पाय धरणाऱ्या सापळ्यांवर बंदी घातली आणि असे सापळे वापरणाऱ्या देशांतून फर आयात करायची नाही असा नियम केला. वाटाघाटी होऊन १९९७मध्ये कॅनडा, रशिया आणि युरोप यांच्यात मानवीय सापळ्यांच्या मानकांचा करार झाला. मारणाऱ्या सापळ्यासाठी मोजमाप असं: चाचणीतल्या किमान ८० टक्के जनावरांची शुद्ध ठरलेल्या वेळेत कायमची हरपली पाहिजे. अर्मिनसाठी (मार्टेनहून लहान, त्याच कुळातला प्राणी) ४५ सेकंद, मार्टेनसाठी १२०, बाकी बहुतेकांसाठी ३००. कॅनडात २००७च्या शरदापासून मार्टेन, बीव्हर, मस्करॅट वगैरेंसाठी प्रमाणित सापळेच वापरावे लागतात.

प्रमाणपत्र 'आकाराला' नसतं, मॉडेल आणि जात यांच्या जोडीला असतं. '१२० नंबरचा सापळा' एवढं पुरत नाही. बेलिल सुपर एक्स १२० किंवा रूडी १२० मॅग्नम मार्टेनसाठी यादीत आहेत. शेजारी टांगलेला तसाच दिसणारा जुना १२० नाही. त्यामुळे जुने बदलून नवे घ्यायला सरकारी मदत लागली. शंभर खोके असलेल्या लाइनवर शंभर सापळे एकदम बदलायचा खर्च एका हंगामाची कमाई खाऊन टाकतो.

प्रमाणित सापळाही चुकीचा लावला तर निकामी. मार्टेनचा सापळा लाकडी खोक्यात, तिरक्या दांडीवर, बर्फाच्या पातळीच्या वर लावतात, म्हणजे वादळात गाडला जात नाही आणि जनावर सरळ डोकं घालून आत येतं. खोकं फार रुंद असलं की ते तिरकं शिरतं आणि घाव मानेऐवजी खांद्यावर बसतो. स्प्रिंग सैल झाली तर वेळेची सगळी गणितं संपली. ओला बर्फ पडून रात्री गोठला की ट्रिगर हलतच नाही. आणि धरलेलं जनावर फार दिवस तसंच राहिलं तर उंदीर, कावळे कातडं कुरतडतात. मग खरवडणी यांच्या यादीतला पुढचा आयटम सुरू.

---

रानवाटा

एक भाबडा प्रश्न. ट्रॅपर म्हणजे मराठीत फासेपारधीच ना? मग आपल्याकडे अशी योजना कधी का झाली नाही?

---

पैसाअडका

शब्द जुळतो, पण तो आपल्याकडे एका समाजाचं नाव आहे, धंद्याचं बिरूद म्हणून वापरू नये. म्हणून या धाग्यावर सगळे 'ट्रॅपर' लिहीत आहेत, ते ठीकच.

बाकी उत्तर छोटं आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फासे लावून रानातली जनावरं धरणं गुन्हा ठरलं. क्री लोकांचा करार १९७५चा, म्हणजे काळ जवळजवळ तोच. तिकडे रान बुडालं तेव्हा शिकारी वाटाघाटीच्या टेबलावर होते. इकडे ज्यांचं पोट त्या कौशल्यावर होतं त्यांना त्याच्या बदल्यात दिवसाचा दर वगैरे काही मिळालं नाही. जनावरं वाचवायला कायदा हवाच होता, त्याबद्दल वाद नाही. बदल्यात काय दिलं, हा हिशेब मात्र कोराच राहिला.

---

ताजवा

हा मुद्दा टिपणात घेतो. तीन बांधण्यांचा एक तक्ता करतो आहे: कातडं, दिवस, शेपटी. कापूस कुठल्या रकान्यात टाकू?

---

उत्तरवारा

कातड्याच्या. पण त्याच ओळीत तुटीची नोंद करा. दोन्हीकडे तूट सरकारची, मात्र कापसात ती राज्यभराच्या गाठींवर पडत होती आणि इथे काही हजार कातड्यांवर पडते. आणि प्रतवारीचा रकाना वेगळा ठेवा. कापसाची प्रत खरेदी केंद्रावर, शेतकऱ्यासमोर लागायची. मार्टेनची अंतिम प्रत नॉर्थ बेला लागते, तेव्हा ट्रॅपर तिथे नसतो. म्हणून माल पाठवताना अधिकाऱ्याने दिलेली पावती आणि चिठ्ठ्यांचे क्रमांक जपून ठेवायला सांगतात. बोनसच्या हिशेबात कातडं कमी दिसलं तर दाखवायला तेवढाच कागद असतो.